जंगलाने कोरलेल्या गुहा: बेलीझच्या केव्ह्ज ब्रँच नदीवर

मध्य अमेरिकेत, मेक्सिकोच्या दक्षिणेला आणि ग्वाटेमालाच्या पूर्वेला, कॅरिबियन समुद्राच्या काठावर बेलीझ नावाचा एक लहानसा देश आहे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे २३ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे पुणे आणि सातारा हे दोन जिल्हे एकत्र केले तर त्यांच्यापेक्षाही कमी, आणि लोकसंख्या चार लाखांच्या आसपास. १९८१ साली स्वतंत्र होण्यापूर्वी इथे ब्रिटिशांची वसाहत होती, त्यामुळे राज्यकारभाराची भाषा इंग्रजी आहे आणि आपल्यासारख्या पर्यटकांना कुठेही अडायला होत नाही. ह्यूस्टनहून विमानाने अडीच तासांत पोहोचता येत असल्यामुळे टेक्सासमध्ये राहणारी आमच्यासारखी काही मराठी कुटुंबे हिवाळ्यात तिकडे जातात, आणि बहुतेक जण समुद्र, प्रवाळभित्ती व लहान बेटे पाहून परत येतात. समुद्र आम्हीही पाहिला. मात्र हे लेखन केवळ एका नदीविषयी, तिच्या काठच्या जंगलाविषयी आणि ज्या गुहांमधून ती वाहते त्या गुहांविषयी आहे, कारण त्या सहलीत मला जे समजले ते मला फार मोलाचे वाटते.

नदीचे नाव केव्ह्ज ब्रँच. देशाच्या दक्षिण भागातील माया पर्वतरांगेत उगम पावून ती उत्तरेकडे वाहते आणि पुढे सिबून नदीला मिळते. वाटेत चुनखडकाच्या टेकड्या आडव्या आल्या की ती त्यांना वळसा घालत नाही, तर थेट पोटात शिरते आणि दुसऱ्या बाजूने बाहेर येते. तिच्या या भूमिगत प्रवासाचा एक भाग ‘नोहोच चेन’ या संरक्षित पुरातत्त्वीय क्षेत्रात येतो, आणि मोठ्या रबरी ट्यूबमध्ये बसून त्यातून तरंगत जाण्याची सोय तिथे आहे. बेलीझ सिटीहून पश्चिमेला जाणाऱ्या जॉर्ज प्राइस महामार्गाने राजधानी बेलमोपानच्या अलीकडे डावीकडे वळले की या क्षेत्राचा रस्ता लागतो. (बेलमोपान हे शहर मुद्दाम वसवलेले आहे. १९६१ च्या हॅटी चक्रीवादळाने किनाऱ्यावरच्या बेलीझ सिटीची दुर्दशा केल्यावर राजधानी आत हलवण्याचे ठरले आणि १९७० मध्ये ती हलवली गेली.) परवानाधारक मार्गदर्शक बरोबर असावाच लागतो. प्रवेशद्वाराजवळ प्रत्येकाला हेल्मेट, कपाळावरचा दिवा, लाइफ जॅकेट आणि हवा भरलेली ट्यूब मिळते. ती ट्यूब खांद्यावर घेऊन प्रथम जंगलातून नदीच्या वरच्या अंगाला चालत जायचे आणि मग प्रवाहाबरोबर गुहांमधून खाली परत यायचे, असा हा क्रम आहे.

जाहिरातीत ‘जंगलातील पदभ्रमण’ आणि ‘गुहेतील ट्यूबिंग’ अशा दोन वेगळ्या गोष्टी लिहिलेल्या असतात. त्यामुळे अनेकांना पहिला भाग म्हणजे दुसऱ्या भागासाठी भरावी लागणारी जकात वाटते, आणि आमच्या पुढे निघालेले गट ज्या वेगाने चालत होते त्यावरून त्यांनाही तसेच वाटत असावे. माझे मत अगदी वेगळे झाले आहे. ते जंगल लक्षपूर्वक पाहिल्याशिवाय ती गुहा समजत नाही, कारण ती गुहा त्या जंगलानेच घडवली आहे. हे मला आमच्या मार्गदर्शकामुळे कळले, म्हणून त्याच्याबद्दल आधी लिहिते.

तो पन्नाशीचा, सडपातळ, हळू बोलणारा माणूस होता. आमच्याशी इंग्रजीत, सहकाऱ्यांशी क्रिओल या स्थानिक बोलीत आणि गाडीच्या चालकाशी स्पॅनिशमध्ये तो सारख्याच सहजतेने बोलत होता. आमच्याबरोबर माझ्या सासूबाई होत्या, आणि त्यांचे वय पाहून त्याने सुरुवातीलाच सांगितले की आपला गट सर्वांत मागे राहील आणि आपण कोणाशीही शर्यत लावणार नाही. सासूबाईंनी पहिल्या पाच मिनिटांतच त्याला ‘दादा’ म्हणायला सुरुवात केली. त्या शब्दाचा अर्थ त्याने आमच्या लेकीकडून विचारून घेतला आणि पुढे तो त्या हाकेला ओही देऊ लागला. मागे राहण्याचा त्याचा निर्णय आमच्या फार पथ्यावर पडला.

वाट सपाट आहे, पण सावली इतकी दाट की सकाळच्या दहाच्या उन्हातही जमिनीवर फक्त कवडसे पडत होते. थोडे अंतर गेल्यावर तो एका उंच, सरळसोट झाडापाशी थांबला. त्याच्या खोडावर खालपासून वरपर्यंत नागमोडी, जुन्या झालेल्या खाचा होत्या. हे सापोदिया, असे तो म्हणाला आणि खाचांची माहिती सांगू लागला, तोपर्यंत सासूबाईंनी खाली पडलेले पान उचलून चुरडले होते. त्या डहाणूच्या आहेत आणि त्यांचे माहेर चिकूच्या वाडीतले. त्यांनी पान आमच्यापुढे धरले आणि म्हणाल्या, “अगं, हा चिकू आहे.” तो खरोखर चिकूच होता. डहाणू-घोलवडच्या ज्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्या चिकूचे मूळ घर मेक्सिको आणि मध्य अमेरिकेचे हे जंगल आहे. आपल्याकडे खिरणीच्या खुंटावर कलम करून, फळे हाताशी यावीत म्हणून झाड आटोपशीर ठेवतात. इथे तेच झाड तीस मीटरपर्यंत वाढते आणि त्याचे फळ माकडे व पक्षी खातात. खोडावरच्या त्या खाचा चीक काढणाऱ्यांच्या होत्या. पावसाळ्यात दोराच्या आधाराने झाडावर चढून, कोयत्याने तिरप्या खाचा पाडून, वाहत खाली येणारा पांढरा चीक कापडी पिशवीत गोळा करायचा आणि तो आटवून त्याच्या वड्या थापायच्या, हा या जंगलातला मोठा व्यवसाय होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अमेरिकेतील च्युइंगगम प्रामुख्याने या चिकापासून बनत असे, आणि कृत्रिम पदार्थ आल्यावर ती मागणी ओसरली. या प्रदेशातल्या प्राचीन माया लोकांच्या अनेक उजाड नगरांचे अवशेष प्रथम या चीक गोळा करणाऱ्यांच्याच नजरेस पडले. सासूबाईंनी त्या खाचांवरून हात फिरवला आणि एका झाडाला पुन्हा चीक धरायला किती वर्षे लागतात, असे विचारले. काही वर्षे विसावा द्यावाच लागतो, घाई केली तर झाड मरते, असे दादाने सांगितले.

त्यानंतर आमची चाल आणखी मंदावली. कोहून नावाच्या ताडाची दहा-दहा मीटर लांब पाने वाटेवर कमान करून होती. त्याच्या पानांनी घरे शाकारतात आणि फळातल्या गरापासून तेल काढतात. ऑलस्पाइसचे पान त्याने चुरडून दिले, तेव्हा लवंग, दालचिनी आणि जायफळ यांचा एकत्र वास आला. कोकणातल्या मसाल्याच्या बागांत हेच झाड सर्वसुगंधी म्हणून लावतात, पण त्याचेही गाव इकडचेच. एका झाडाच्या खोडावर काळे डाग होते आणि त्याला हात लावू नका असे त्याने बजावले, कारण त्या ‘पॉइझनवुड’च्या चिकाने कातडीवर फोड उठतात. त्यावर उतारा म्हणून इथले लोक गम्बो लिम्बो या झाडाची साल वापरतात. ते झाडही बहुधा जवळपासच सापडते आणि त्याची तांबूस साल पापुद्र्यांनी सुटत असल्यामुळे लगेच ओळखू येते. लाजाळू तर वाटेच्या कडेला आपल्या घरच्यासारखी पसरलेली होती.

मग आली पाने कापणाऱ्या मुंग्यांची रांग. आपल्या शरीराहून मोठे हिरवे तुकडे डोक्यावर धरून त्या हजारोंच्या संख्येने वाट ओलांडत होत्या, आणि वर्षानुवर्षांच्या येण्याजाण्याने त्यांची स्वतःची, गवत नसलेली पायवाट तयार झाली होती. त्या ती पाने खात नाहीत. वारुळात नेऊन, त्यांचा लगदा करून त्यावर त्या एक विशिष्ट बुरशी वाढवतात आणि त्या बुरशीवर वसाहत जगते. माणसाने शेती सुरू करण्याच्या एक कोटीहून अधिक वर्षे आधीपासून त्यांची ही शेती चालू आहे. दादाने तिथेच बसून पालापाचोळ्याचा थर हाताने बाजूला केला. वर कोरडी पाने, खाली ओली, त्याखाली अर्धवट कुजलेली, मग काळी भुसभुशीत माती, आणि एक वीतभर खोलीवरच पांढरट दगड. गुहा इथे सुरू होते, असे तो म्हणाला.

त्याचे हे वाक्य मी तेव्हा नीट समजून घेतले नव्हते, पण पुढच्या वाटचालीत त्याने त्याचा उलगडा केला. पावसाचे पाणी हवेतला थोडासा कार्बन डाय-ऑक्साइड घेऊन खाली येते. ते जंगलाच्या जमिनीत मुरताना मात्र त्याला या वायूचा फार मोठा साठा मिळतो, कारण झाडांची मुळे श्वसन करत असतात आणि सूक्ष्मजीव, बुरशी व कीटक पालापाचोळा कुजवत असतात, त्यामुळे मातीतल्या हवेत या वायूचे प्रमाण बाहेरच्या हवेच्या अनेक पटींनी असते. त्यातून सौम्य कार्बनिक आम्ल तयार होते, आणि हे आम्ल चुनखडक विरघळवते. झाड जितके दाट आणि जमीन जितकी जिवंत, तितके पाणी अधिक आम्लधर्मी आणि दगडाची झीज अधिक. इथला चुनखडक क्रिटेशियस काळात, म्हणजे डायनोसॉरच्या युगाच्या अखेरच्या टप्प्यात, उथळ समुद्राच्या तळाशी साचलेला आहे. त्यातल्या बारीक भेगा या पाण्याने लाखो वर्षे रुंदावत नेल्या. नदी तर मुळातच चुनखडक नसलेल्या डोंगरातून येते, म्हणजे तिच्या पाण्यात चुना जवळजवळ नसतो. त्यामुळे टेकडीत शिरताना दगड विरघळवून घेण्याची तिची क्षमता शाबूत असते, आणि पुराच्या वेळी ती वाळू-गोट्यांनी दगड घासतेही.

सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला हे सारे नवे वाटते आणि त्याला कारण आहे. आपला डोंगर बेसाल्टचा, लाव्हा थिजून झालेल्या काळ्या कातळाचा, आणि तो पाण्यात असा विरघळत नाही. म्हणून महाराष्ट्रात गुहा म्हटले की आपल्यासमोर अजिंठा, वेरूळ, कार्ले, भाजे उभी राहतात, म्हणजे माणसाने छिन्नी-हातोड्याने कोरलेली लेणी. पाण्याने कोरलेली गुहा पाहायची तर मेघालयात किंवा आंध्र प्रदेशातल्या बोर्रा आणि बेलम या ठिकाणी जावे लागते. लेण्यात शिरताना आपण ती कोणी, कधी आणि कोणाच्या दानातून खोदली असे विचारतो, आणि भिंतीवरचे शिलालेख त्याचे उत्तरही देतात. इथे त्या प्रश्नाचे उत्तर वाटेवर मागे राहिलेल्या पालापाचोळ्यात होते. आधी ते पाहिले नसते तर मी गुहेचे नुसते सौंदर्य पाहून बाहेर पडले असते.

वाटेत नदी ओलांडावी लागते. गुडघ्याच्या थोडे वर, स्वच्छ हिरवट-निळे आणि आश्चर्य वाटावे इतके गार पाणी होते. मार्गदर्शकाने आडवा दोर धरून ठेवला होता आणि सासूबाई त्याच्या आधाराने ठामपणे पलीकडे गेल्या. गुहेच्या तोंडाशी काठावरून पाण्यात उतरून, ट्यूबच्या मध्यभागी बसून, पाय पुढच्या माणसाच्या ट्यूबवर टाकायचे, म्हणजे एक साखळी तयार होते. सर्वांत पुढे मार्गदर्शक ती साखळी ओढत पोहतो किंवा चालतो. उथळ खडकाळ जागा आली की तो ओरडून सूचना देतो आणि सर्वांनी कंबर वर उचलायची असते, नाहीतर खालचा दगड लागतो. पोहता येणे आवश्यक नसते, पण लाइफ जॅकेटचे पट्टे मात्र त्याने प्रत्येकाचे स्वतः ओढून तपासले. ते त्याने दोनदा तपासले, याचे मला फार समाधान वाटले.

गुहेचे तोंड प्रशस्त आहे. वरून वेली लोंबत असतात आणि त्यांच्या मागे उजेड हिरवा होत जातो, मग करडा होतो, मग संपतो. डोळे स्थिरावले की छत दिसू लागते. छतावरून खाली आलेले आणि कोरड्या काठांवरून वर उठलेले चुनखडीचे स्तंभ, काही ठिकाणी दोन्ही मिळून झालेले अखंड खांब, आणि एका भिंतीवर उतू गेलेले दूध थिजावे तसा पांढरा, घडीघडीचा ओघळ. ज्या पाण्याने वर दगड विरघळवला, तेच पाणी छतातून थेंबाथेंबाने बाहेर येताना आपला कार्बन डाय-ऑक्साइड गुहेच्या हवेत सोडते, त्याची विरघळवण्याची ताकद कमी होते आणि चुना पुन्हा दगड होऊन तिथेच बसतो. ही वाढ अतिशय सावकाश होते, वर्षाला साधारण मिलिमीटरचा दहावा हिस्सा. माझ्या हाताच्या लांबीचा एक लोलक दिव्याच्या प्रकाशात चमकत होता, आणि तो वाढायला लागला तेव्हा इथे माया नगरेही उभी नव्हती, हे ध्यानात आल्यावर मी हात आपोआप मागे घेतला. स्पर्श न करण्याचा नियम इथे आहेच, आणि त्यामागे कारणही आहे. कातडीवरचे तेल दगडावर राहिले की त्यावर नवा चुना नीट धरत नाही आणि वाढ थांबते.

छतात ठिकठिकाणी घुमटाकार, गुळगुळीत खळगे होते आणि त्यांत वटवाघळे दाटीने लटकलेली होती. पिढ्यान् पिढ्या तिथे राहणाऱ्या वटवाघळांच्या शरीराची ऊब आणि श्वासातला ओलावा व वायू यांमुळेही ते खळगे काही अंशी खोल होत जातात. म्हणजे तिथेही पुन्हा जंगलच, कारण यांतली फलाहारी वटवाघळे रात्री बाहेर पडून फळे खातात आणि बिया टेकडीभर पसरवतात. एका वळणावर भिंतीतून लहानसा धबधबा नदीत पडत होता आणि त्याच्या आवाजाने बोलणे ऐकू येईना. ते पाणी आपण ज्या जमिनीवरून चालत आलो तिच्यातूनच झिरपलेले आहे, असे दादाने खुणेने वर बोट दाखवून सांगितले. पुढे संथ पाण्यात त्याने सर्वांना दिवे बंद करायला सांगितले. त्या काळोखात थेंबांचे आवाज दूर, जवळ, डावीकडे, उजवीकडे असे स्पष्ट वेगळे ऐकू येऊ लागले आणि गुहा किती मोठी आहे हे मला डोळ्यांपेक्षा कानांनी अधिक नेमके कळले.

या काळोखाला माया लोक फार महत्त्व देत असत. गुहा म्हणजे पाताळाचे, त्यांच्या शिबाल्बाचे, दार. ‘चाक’ नावाच्या पर्जन्यदेवाचे वास्तव्यही गुहांमध्येच, कारण ढग, झरे आणि पाऊस डोंगराच्या पोटातून येतात अशी त्यांची श्रद्धा होती. जमिनीला न टेकता छतावरून थेट भांड्यात पडलेले पाणी ते विधींसाठी पवित्र मानत. बेलीझमधील अनेक गुहांत खापरे, चुलींची राख आणि बळी दिलेल्या माणसांची हाडे सापडली आहेत. त्यांतील सर्वांत प्रसिद्ध अ‍ॅक्टुन टुनिचिल मुक्नाल ही गुहा बेलमोपानच्या पश्चिमेला आहे. तिथे २०१२ साली एका पर्यटकाच्या हातून कॅमेरा निसटून प्राचीन कवटीला भोक पडले, तेव्हापासून आत कॅमेरा नेण्यास बंदी आहे. नवव्या शतकाच्या आसपास, जेव्हा या प्रदेशातली नगरे ओस पडू लागली, त्या काळात गुहांच्या खोल भागातील विधी वाढलेले दिसतात, आणि अवर्षणाच्या भीतीशी त्यांचा संबंध जोडला जातो. बेलीझच्याच दक्षिणेकडील योक बालुम गुहेतील एका स्तंभाच्या थरांचे वय आणि त्यांतील ऑक्सिजनची समस्थानिके (एकाच मूलद्रव्याचे वेगवेगळ्या वजनाचे अणू) तपासून, गेल्या दोन हजार वर्षांतील पावसाचा आलेख शास्त्रज्ञांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केला. सातव्या शतकाच्या मध्यापासून पाऊस कमी होत गेल्याचे आणि अकराव्या शतकात मोठा दुष्काळ पडल्याचे त्यात दिसते. ज्या थेंबांपुढे माया लोक पावसाची याचना करत होते, त्याच थेंबांनी त्या न आलेल्या पावसाची नोंद दगडात ठेवली, हे मला कोणत्याही दंतकथेपेक्षा अधिक हलवून गेले.

आम्ही बाहेर आलो तेव्हा काठावर मोठी गर्दी जमली होती. बेलीझ सिटीजवळ पर्यटक जहाज नांगरले की त्या दिवशी शेकडो लोक एकाच वेळी इथे येतात. संगीताचा गोंगाट, छताकडे न पाहता एकमेकांवर पाणी उडवणारे गट आणि गुहेच्या तोंडाशी पाण्यात तरंगणारा सनस्क्रीनचा तवंग पाहून मला वाईट वाटले. अशा पर्यटनावर इथल्या पुष्कळ कुटुंबांचे पोट आहे, म्हणून ते बंद व्हावे असे मी म्हणणार नाही. पण एका वेळी आत सोडायच्या माणसांची संख्या कमी ठेवावी आणि मार्गदर्शकांना जंगलात थांबायला वेळ द्यावा, असे मला मनापासून वाटते. दुसरी चिंता याहून मोठी आहे. नदीच्या वरच्या अंगाला जंगल तोडून शेती आणि चराऊ कुरणे केली, तर धुपलेली माती पुराबरोबर गुहेत येऊन साचते, आणि टेकडीवरची झाडे गेली तर झिरपणाऱ्या पाण्यातला वायूही कमी होतो. तिकीटघर गुहेचे असले तरी राखायला हवे ते तिच्या माथ्यावरचे आणि उगमाकडचे रान.

ज्यांना जायचे असेल त्यांच्यासाठी थोडे व्यावहारिक सांगते. फेब्रुवारी ते मे हा कोरडा काळ सर्वांत चांगला. जून ते नोव्हेंबर पावसाळा असतो आणि पाणी वाढले की प्रवेश बंद ठेवतात. तशा दिवशी कोणी तरीही नेतो म्हणाला तर जाऊ नये. पायात मागे पट्टा असलेली, पाण्यात चालणारी पादत्राणे हवीत, चपला वाहून जातात. सनस्क्रीनऐवजी पूर्ण बाह्यांचा सदरा घालावा. जहाजांच्या येण्याचे दिवस आधी विचारून घ्यावेत आणि सकाळी दार उघडताच पोहोचावे. परतताना रस्त्याकडेच्या खानावळीत नारळाच्या दुधात शिजवलेला राजमा-भात आणि सोबत हबनेरो मिरचीचा ठेचा मिळतो, तो चुकवू नये. सासूबाईंनी तो दोनदा मागून घेतला. आणि नोंदणी करतानाच लहान गट मागावा व मार्गदर्शकाला स्पष्ट सांगावे की गुहेपाशी लवकर पोहोचण्याची आम्हाला घाई नाही, वाटेत जिथे थांबण्यासारखे असेल तिथे थांबा.